रांधणारीचंही पान मांडा

घरी माणसं जेवायला बोलवायची ठरली की पहिला प्रश्न येतो, ‘काय करायचं?’ माझ्या मते त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: जी कोणी स्वयंपाक करणार आहे, ती सगळ्यांबरोबर जेवायला बसणार आहे का? उत्तर ‘हो’ येईल असाच बेत करायचा, एवढं एकदा ठरलं की पदार्थ कोणते, माणसं किती, वेळ कोणती, कोणी काय करायचं, हे सगळं त्यामागून सुटत जातं. पाहुणे आणि घरातले पुरुष पहिल्या पंगतीला, मुलं त्यांच्या आगेमागे, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर, पुऱ्या गार होऊन वातड झाल्यावर घरातल्या बायका, ही रीत पुष्कळ घरांत अजून चालू आहे. ज्यांना भेटावं म्हणून बोलावलं, त्यांच्याशी चार शब्द बोलणंही तिच्या वाट्याला येत नाही. पाहुणे गेले की तिला आठवतो तो फक्त ओटा. यात घरातल्या कोणाचा दुष्टपणा नसतो. बेतच असा आखलेला असतो की तिला उठता येऊ नये. म्हणून बदल बेतापासून करायचा.

माझा एकच कडक नियम आहे. आयत्या वेळी गॅससमोर उभं राहून करावा लागेल असा पदार्थ एका जेवणात एकच ठेवायचा, आणि जमलं तर एकही ठेवायचा नाही. पुऱ्या आहेत तर भजी नकोत. उकडीचे मोदक आहेत तर पोळ्या सकाळीच करून ठेवायच्या किंवा विकत आणायच्या. आपल्या सणावाराच्या जेवणाकडे या नजरेनं पाहा, ते फार सोयीचं आहे. श्रीखंड-पुरीच्या ताटात शेवटच्या क्षणाची एकच गोष्ट आहे, पुरी. श्रीखंड आदल्या रात्री केलं तर साखर नीट विरघळते आणि केशराचा रंग-वास सगळीकडे उतरतो, म्हणजे ते आदल्या दिवशी करणं ही तडजोड नव्हे, तीच खरी पद्धत आहे. पंचामृत, मुरांबा, दाण्याची चटणी, मेतकूट दोन दिवस आधीही चालतं. अळूचं फदफदं आणि कटाची आमटी सकाळी करून दुपारी वाढली तर अधिक मुरलेली लागते. पापड-कुरडया सकाळी तळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर कुरकुरीत राहतात. पुरणपोळ्या तर दुपारपर्यंत नरमच होतात आणि गार पोळीवर तूप किंवा दूध घेऊन खाणारे दर्दी प्रत्येक घरात असतात. कांदाभजी मात्र बारा माणसांच्या जेवणात ठेवू नये. ती कढईतून निघाल्यावर पाच-दहा मिनिटंच चांगली लागतात, आणि ती पाच-दहा मिनिटं प्रत्येकाला मिळावीत म्हणून कोणाला तरी अर्धा तास उभं राहावं लागतं. भजी पावसात चौघांसाठी करायची.

मांसाहारी बेतालाही हाच न्याय. मटणाचा रस्सा आदल्या रात्री करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी मसाला आत उतरलेला असतो. तळलेली मासळी मात्र तव्यावरून थेट ताटात आली तरच तिची गोडी, म्हणून बारा माणसांना तळलेलं पापलेट हा बेत सुंदर असला तरी तो एका माणसाला तव्याशी बांधून ठेवतो. त्याऐवजी तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं किंवा कोळंबीभात ठेवा. तिखलं सकाळी केलं की दुपारी जास्तच चांगलं लागतं. सोलकढी त्याच दिवशी करावी, नारळाचं दूध लवकर आंबतं. आणि ती उकळायची नाही, फक्त थंड ठेवून वाढताना ढवळायची.

पोळ्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. बारा माणसांना प्रत्येकी तीन म्हणजे ३६ पोळ्या. मळणं, लाटणं, भाजणं मिळून दीड तास तरी जातो, आणि हा दीड तास नेमका पाहुणे येण्याच्या वेळेला भिडतो. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत आता पोळी-भाजी केंद्रं आहेत. तिथली पोळी चांगली असते आणि ती करणाऱ्या बाईंचा संसार त्यावर चालतो. आदल्या दिवशी सांगून ठेवा, जेवणाच्या तासभर आधी आणवा, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. घरच्या पोळीत माया असते हे मला मान्य आहे. पण पाहुण्यांसोबत बसून जेवणारी यजमानीण ही त्याहून मोठी माया आहे, आणि कुठलाही समजूतदार पाहुणा हेच म्हणेल.

आता ज्या बेतावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे त्याविषयी. घरी माणसं बोलवायची म्हणजे चारी ठाव स्वयंपाकच हवा, ही समजूत सोडून द्या. मोठं जेवण वर्षातून एकदा-दोनदा होतं. एका पदार्थाचं बोलावणं महिन्यातून एकदाही होऊ शकतं. रविवारी सकाळी दहा वाजता मिसळ. संध्याकाळी थालीपीठ आणि लोणी. थंडीत गच्चीवर पिठलं, भाकरी, ठेचा आणि कांदा. उन्हाळ्यात कैरी घातलेली भेळ आणि पन्हं. बोलावताना पदार्थाचं नाव घेऊनच बोलवा: ‘रविवारी मिसळ खायला या.’ यामुळे पाहुण्याला काय मिळणार हे कळतं, त्याचा संकोच जातो, आणि परतफेड म्हणून त्यालाही आपल्याला पोह्यांना बोलवायला अवघड वाटत नाही. येणंजाणं वाढतं ते अशानं.

यात मिसळ सगळ्यांत गुणी. तिचे सगळे भाग वेगवेगळे आणि आधी तयार करता येतात, आणि शेवटची जुळणी खाणारा स्वतः करतो. रविवार सकाळच्या बारा माणसांसाठी ६०० ग्रॅम मटकी शुक्रवारी सकाळी भिजत घाला. आठ-दहा तासांनी उपसून ओल्या फडक्यात बांधली की शनिवारी दुपारपर्यंत चांगले मोड येतात; थंडीत थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. मोड आल्यावर वजन दुपटीच्या आसपास जातं. शनिवारी रात्री कटाचं वाटण करून फ्रिजमध्ये ठेवा: कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं खरपूस भाजायचं, आलं, लसूण आणि धणे-जिरे घालून अगदी बारीक वाटायचं. रविवारी सकाळी उसळ कुकरला न लावता पातेल्यात शिजवा, म्हणजे मटकी अख्खी राहते. कटासाठी तेल नेहमीपेक्षा सढळ हातानं, त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग कांदा-लसूण मसाला किंवा गोडा मसाला, आणि पाणी घालायचं ते उकळतंच. गार पाणी घातलं तर तर्री नीट वर येत नाही. कट एका बर्नरवर मंद उकळत ठेवला की गॅसचं काम संपलं. कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, एक किलो फरसाण, उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजी, दह्याचं एक भांडं आणि ३६ ते ४० पाव टेबलावर मांडा.

कोणाच्या मिसळीचा कित्ता गिरवायचा यावर घरात वाद होऊ द्या, तो वाद जेवणाचाच भाग आहे. कोल्हापूरच्या मिसळीत कट झणझणीत आणि पाव म्हणून जाड काप; पुण्यात पोहे, बटाट्याची भाजी आणि थोडी गोडसर चव; नाशिककडे काळ्या मसाल्याचा रस्सा. ठाण्याची मामलेदार मिसळ तिखटासाठी प्रसिद्ध. घरी कट वेगळा ठेवल्यामुळे तिखट खाणारा आणि न खाणारा, दोघांनाही एकाच टेबलावर आपापली मिसळ मिळते. सहा वर्षांच्या मुलाला उसळ, फरसाण, दही. त्याच्या मामाला कटाच्या तीन पळ्या. ही सोय ताटातल्या फार थोड्या पदार्थांत आहे.

प्रमाणाबद्दल गोंधळ फार होतो आणि त्यातूनच स्वयंपाक करणाऱ्यावर ताण येतो, कारण कमी पडेल या भीतीनं सगळंच दुप्पट होतं. श्रीखंड-पुरीच्या जेवणाला, लहानमोठी धरून बारा माणसांसाठी, मी सांगते ते प्रमाण पुरून थोडं उरतं. पुऱ्यांसाठी एक किलो कणीक, त्यात ७० ते ७५ पुऱ्या होतात, म्हणजे माणशी सहा. श्रीखंडासाठी पाऊण किलो चक्का आणि सुमारे ६०० ग्रॅम साखर. चक्का आंबट असेल तर साखर बरोबरीनं. मसालेभाताला ७५० ग्रॅम तांदूळ, कारण पुरी आणि श्रीखंड खाल्ल्यावर भात कोणी पोटभर खात नाही. बटाट्याची भाजी दीड किलोची, मटकीची उसळ ४०० ग्रॅम कोरड्या मटकीची, काकडीची कोशिंबीर एक किलो काकडीची. मठ्ठ्याला एक लिटर दही आणि दीड लिटर पाणी. बेत मटणाचा असेल तर हाडासकट दोन किलो. पाहुणे खवय्ये असतील तर अडीच.

वाढीव प्रमाणात करताना एक धोका लक्षात ठेवा. चौघांच्या कृतीचं तिप्पट केलं म्हणजे तिखट, मीठ आणि गरम मसालाही थेट तिप्पट घालू नये. आधी अडीचपट घाला, उकळी आली की चव बघा, मग वाढवा. वाढवता येतं, काढून घेता येत नाही. पाणीही मोठ्या पातेल्यात तुलनेनं कमी लागतं, कारण आटण्याचं प्रमाण कमी होतं. नवशिक्यांनी मापासाठी कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हाताशी ठेवावं. १९७० साली आलेलं हे पुस्तक इतकी वर्षं घराघरांत टिकलं, त्यामागं त्यातल्या नेमक्या मापांचा मोठा वाटा आहे.

कोशिंबिरीत दही आणि मीठ वाढण्याच्या आधी पाच मिनिटं. त्याआधी घातलं तर पाणी सुटतं. काकडी चिरून, दाण्याचं कूट आणि फोडणी तयार ठेवून हे काम मुलांवर सोपवता येतं.

दाण्याचं कूट म्हटल्यावर आठवलं, बोलावतानाच विचारून घ्यायच्या गोष्टी. आपल्या स्वयंपाकात शेंगदाणा कुठे कुठे असतो याची आपल्यालाच कल्पना नसते: कोशिंबीर, भरली वांगी, अळूची भाजी, चटण्या. एखाद्या मुलाला दाण्याची ॲलर्जी असेल तर हे सगळं त्याच्या दृष्टीनं धोक्याचं, आणि ‘थोडंसंच आहे’ हे उत्तर चालत नाही. त्याच्यासाठी वेगळं भांडं, वेगळा डाव. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार पाहून दिवस ठरवा. चातुर्मासात म्हणजे आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण न खाणारे पुष्कळ असतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांचं वेळेशी फार जवळचं नातं असतं. साडेबाराला बोलावून अडीचला पानं मांडणं हा त्यांच्या तब्येतीशी खेळ आहे. म्हणून जेवणाची वेळ सांगायची आणि पाळायची, उशिरा येणारा आला की त्याला वाढायचं. दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. मऊ वरणभात आणि त्यावर तूप-लिंबू असलं की तेही जेवतात आणि लहान मुलंही. पाटावर बसायला त्रास होणाऱ्यांसाठी खुर्ची आधीच मांडून ठेवा. ती त्यांना मागावी लागू नये.

घरातली कामं वाटताना ‘काही मदत करू का?’ असं विचारणारा माणूस उपयोगाचा नसतो, कारण त्याला काम सांगणं हेही एक काम होऊन बसतं. दिवस ठरला की सगळ्यांना बसवून नावानिशी वाटप करा. भाजी आणणं आणि निवडणं एकाचं. चक्का बांधणं, श्रीखंड गाळणं (पुरणयंत्रातून किंवा पातळ फडक्यातून) ज्याच्या हातात जोर आहे त्याचं. पाणी, ताटं, वाट्या, चमचे मुलांचं. पुऱ्या तळणं हे पुरुषांनी अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. ते एका बैठकीत शिकता येतं, आणि ज्यानं कढईसमोर पाऊण तास काढला तो पुढच्या वेळी ‘आणखी दोन गरम आण’ असं बसल्या जागेवरून म्हणत नाही. पुऱ्यांची कणीक घट्ट भिजवायची, चमचाभर रवा घालायचा, तेल चांगलं तापू द्यायचं. निम्म्या पुऱ्या पानं वाढायच्या आधी तळून डब्यात, उरलेल्या जेवण अर्ध्यावर आल्यावर दुसऱ्या कोणी उठून तळायच्या. एकच माणूस सारखा उठणार नाही, हेच बघायचं.

आणि वाढप. ताट मांडायची आपली पद्धत सुंदर आहे आणि ती मुलांना शिकवावी. वर मध्यभागी मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. खाली समोर वरणभाताची मूद. डावी बाजू बोटानं चाखायची, उजवी पोटभर खायची, असा त्यातला हिशेब. दहा वर्षांचं मूलही एकदा दाखवलं की चटणीची वाटी घेऊन सगळ्या पानांवरून फिरतं आणि त्याला त्याचा अभिमान वाटतो. पहिलं वाढप घरातल्या दोन-तीन जणांनी मिळून करायचं, मग सगळी भांडी टेबलाच्या किंवा पंगतीच्या मध्ये ठेवायची आणि वाढणाऱ्यांनीही बसायचं. यानंतर ज्याला हवं त्यानं घ्यावं.

आग्रह करू नका असं मी म्हणणार नाही. आग्रह ही आपल्याकडची प्रेमाची भाषा आहे आणि ती बंद झाली तर जेवण कोरडं होईल. पण न विचारता पानात वाढणं आणि आग्रह यांत फरक आहे. ‘एक पुरी घ्या ना’ हे तोंडानं म्हणावं, हातानं नव्हे. एकदा विचारावं, दुसऱ्यांदा विचारावं, आणि नाही म्हटलं की विषय सोडावा. साखर कमी करायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाच्या वाटीत श्रीखंडाचा दुसरा डाव पडला की तो एक तर खाऊन आजारी पडतो किंवा टाकून ओशाळतो. त्याच्या आवडीची भाजी पुढं केली तर आग्रहही होतो आणि मानही राहतो.

जेवण झाल्यावर उरलेलं अन्न तासन् तास ओट्यावर ठेवू नका. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तासाभरातच. सगळ्यांत जास्त काळजी भाताची घ्या. भात शिजला तरी त्यातल्या बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू जिवंत राहू शकतात, आणि भात उबदार जागी पडून राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. मोठ्या पातेल्यातला भात मध्यभागी तासन् तास कोमट राहतो, म्हणून परातीत पसरून गार करा आणि पसरट डब्यांत भरा. पाहुण्यांबरोबर डबा द्यायचा असेल तर तो पानं उचलल्याबरोबर भरा, निरोपाच्या गप्पा संपल्यावर नाही. पुऱ्या तळलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावं. पुन्हा पुन्हा तळायला वापरू नये.

बाहेर जेवायला जाण्याचा विचारही मी याच धाग्यानं करते. घरी रोज रांधणारीला सुट्टी मिळावी हे बाहेर जाण्याचं पहिलं कारण, तेव्हा कुठं जायचं हे पहिल्यांदा तिनं ठरवायचं. मुलांना पिझ्झा हवा, आजोबांना थाळी, म्हणून तिनं ‘मला काहीही चालेल’ म्हणायचं, असं होऊ देऊ नका. तिला काय खायचंय ते विचारा आणि उत्तराची वाट पाहा. पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी.

आणि बाहेर जाऊन ते खावं जे घरी होत नाही. पनीरची लाल भाजी आणि जिरा राइस यासाठी तासभर रांगेत उभं राहण्यात मला अर्थ दिसत नाही. कोल्हापुरात असाल तर तांबडा-पांढरा. पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध आणि मटणाचं अळणी पाणी यांचा मेळ एकदा तिथं चाखल्याशिवाय घरी जमत नाही. नागपुरात सावजी, पण मुलांसाठी सोबत दही मागवून. खानदेशात खापरावरचे मांडे आणि हिवाळ्यात जळगावकडच्या भरिताच्या वांग्यांचं भरीत. या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नगर, सोलापूर भागात शेतावर हुरडा मिळतो. तो भट्टीतून काढून हातावर चोळून गरम खायचा असतो आणि त्यासाठी सकाळीच पोचावं लागतं. मुंबईत धोबीतलावच्या कयानीत, पुण्यात डेक्कनवरच्या गुडलकमध्ये, अशा जुन्या इराणी कॅफेंत मुलांना एकदा बन-मस्का आणि चहाला न्या. पहिलं १९०४ पासूनचं, दुसरं १९३५ पासूनचं. शहर कसं जगत आलं हे तिथल्या टेबलाशी बसून सांगता येतं. गोव्यात थाळी मागवताना हुमण, किसमूर आणि तळलेला तुकडा यांवर मन लावा.

मासळीसाठी बाहेर पडताना दिनदर्शिका पाहा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताटात येणारं पापलेट बहुधा बर्फातलं असतं. तेव्हा खाडीची मासळी किंवा सुकट, सुका बांगडा, सोडे घातलेली भाजी मागवा. सोड्यांची खिचडी पावसातच खरी लागते. सुरमई-पापलेटसाठी ऑगस्टनंतर जा.

कुटुंबाला घेऊन जाताना वेळ साधा. दुपारी बाराला किंवा रात्री साडेसातला पोचलं की रांग नसते, स्वयंपाकघर ताजं असतं आणि वाढप्याला तुमच्याशी बोलायला सवड असते. त्याला विचारा, ‘आज चांगलं काय झालंय?’ रविवारी रात्री काही जुनी खानावळवजा हॉटेलं बंद असतात, फोन करून जा. अमर्याद थाळी फार खाणाऱ्या तरुणांना परवडते. आजी-आजोबांना आणि लहानग्यांना सुटे पदार्थ मागवणं बरं, कारण बहुतेक ठिकाणी थाळी वाटून खाऊ देत नाहीत. सगळ्यांसाठी एकदम मागवू नका. आधी थोडं मागवा, पोट किती भरलं ते पाहा, मग पुढचं. चवीचा एखादा पदार्थ फार आवडला तर मुलांना विचारा, यात काय काय घातलं असेल? खोबरं भाजलेलं की ओलं, आंबटपणा चिंचेचा की कोकमाचा. हा खेळ मुलांना फार आवडतो आणि पुढच्या रविवारी तोच पदार्थ घरी करून पाहायला तीच मागं लागतात. तेव्हा बघत बसू नका, त्यांना खोबरं भाजायला द्या.

बिल आलं की ते वाचा, यात संकोच कसला? बहुतेक हॉटेलांत जीएसटी ५ टक्के असतो. सेवाशुल्क मात्र ग्राहकाच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना ते बिलात आपोआप लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात सेवाशुल्क दिसलं तर ते काढायला शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार करता येते. अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांकही बिलावर असायला हवा. आणि वाचवलेले पैसे खिशात घालू नका. ज्यानं आजीसाठी न सांगता गरम पाणी आणलं, मुलाचं सांडलेलं ताक हसत पुसलं, त्या वाढप्याच्या हातात ते स्वतः द्या, त्याचं नाव विचारून. उरलेलं अन्न बांधून मागा, आणि घरी पोचल्यावर डबा थेट फ्रिजमध्ये.